घेऱ्यातली वाट

धायरी आता पुण्यात गेली. २०१७ सालच्या ऑक्टोबरात अकरा गावं महापालिकेत घेतली, त्यांत आमचं एक. पुढं २०२१ साली आणखी तेवीस घेतली, त्यांत नांदेड, नांदोशी, किरकटवाडी, खडकवासला ही सिंहगडाच्या वाटेवरची गावं गेली. कागदावर बघितलं तर शहर धरणाच्या भिंतीला जाऊन टेकलंय. माझ्या लहानपणी धायरीहून पुण्याला जाणं म्हणजे परगावी जाणं होतं. सिंहगडाकडं जाणं मात्र पाहुण्याकडं जाणं, कारण आमची आत्या घेऱ्यात दिलेली होती.

घेरा म्हणजे काय, हे आता गडावर येणाऱ्या पोरांना सांगावं लागतं. सरकारदप्तरी आजही गावाचं नाव 'घेरा सिंहगड' असंच आहे. पुरंदराखाली तसाच घेरा पुरंदर आहे. गडाच्या पायथ्याभोवतीचा मुलूख, त्यातलं रान आणि रानातल्या वाड्या, हा सगळा मिळून घेरा. किल्लेदार, सबनीस, कारखानीस ही मंडळी वर तटाच्या आत. खाली डोंगराच्या सोंडांवर, वाट जिथनं वर चढते तिथं मेटं असायची. मेट म्हणजे चौकी. कोळी, रामोशी, महार, मावळे अशी माणसं मेटांवर नि पायथ्याला बायकापोरांसकट राहायची. कोण आलं, कोण गेलं, रात्री कुठलं कुत्रं भुंकलं, हे त्यांना ठाऊक. त्या चाकरीच्या बदल्यात जमिनी मिळायच्या. आत्याच्या सासरी डोंगराच्या उतारावर जे चार तुकडे होते ते असेच मेटाच्या चाकरीचे, असं तिचे सासरे सांगायचे. नाचणी आणि वरई पिकायची, तीही पावसाच्या मर्जीनं. आमच्या धायरीच्या कालव्याखालच्या काळ्या रानापुढं ती जमीन म्हणजे दगडच. पण तिथली माणसं त्या दगडाला वतन म्हणायची नि ताठ मानेनं म्हणायची.

या घेऱ्यातल्या झाडीबद्दल लेखी हुकूम होता. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचं. पंतांनी थोरल्या महाराजांचा कारभार डोळ्यांनी पाहिलेला होता. त्यात गडकोटांचं प्रकरण आहे. गडाभोवतीची दाट झाडी हीच गडाची राखण, ती यत्न करून वाढवावी, तिच्यातली एक काठीसुद्धा तोडू देऊ नये, अशा अर्थाची ताकीद पंत देतात. प्रसंग पडला तर त्याच झाडीत बंदूकवाले दडवायचे. गडाला यायची वाट सोपी असू नये, हेही तिथंच आहे. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, ती झाडं लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, हेसुद्धा. मी दहावीपर्यंतच शिकलो. आज्ञापत्र हातात पडलं ते पन्नाशीनंतर, तेव्हा आत्याच्या एका सवयीचा उलगडा झाला. ती सरपणाला रानात जायची ती वाळलेलं, पडलेलं तेवढंच आणायची. उभ्या झाडाला कोयता लावलेला मी तिला कधी पाहिलं नाही. मी एकदा करंजाची ओली फांदी ओढली तर म्हणाली, "आरं लेकरा, ती गडाची हाय. आपली न्हाई." तिला वाचता येत नव्हतं. वतनं खालसा होऊन कितीतरी वर्षं लोटली होती. हुकूम तेवढा तिच्या हातात राहिला होता.

आता वाटेचं सांगतो. आमच्या आळीतनं गड दिसायचा. आजही चौथ्या मजल्यावरच्या माणसाला दिसतो. नैऋत्येला उंच उठलेला, आणि सत्तरच्या दशकापासून डोक्यावर दूरदर्शनचा मनोरा घेऊन बसलेला. चारेक कोसांची चाल. वडील पहाटे चारला उठवायचे. पाटीत वांगी, मेथी, गुळाची ढेप, आईनं बांधून दिलेलं ज्वारीचं पीठ. गावातनं निघताना धारेश्वराला हात जोडायचे आणि नांदोशीच्या अंगानं किरकटवाडी गाठायची. उजाडता उजाडता खडकवासल्याचं पाणी दिसायचं.

हे धरण इंग्रजांनी बांधलं. १८७९ च्या सुमारास पुरं झालं. कर्नल फाईफ नावाच्या इंजिनिअरनं ते उभं केलं, म्हणून तलावाला लेक फाईफ म्हणायचे. मुठेकाठची जुनी रानं तिच्याखाली गेली आणि उजव्या कालव्यानं खालच्या गावांचा ऊस वर आला. एकाचं बुडालं, दुसऱ्याचं पिकलं. आम्ही दुसऱ्यांतले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्याच्या लोंढ्यानं खडकवासल्याचीही भिंत गेली आणि पुण्यात हाहाकार झाला. मी तेव्हा पाळण्यात होतो. वडिलांनी मात्र तो दिवस बघितला होता, त्यामुळं भिंतीपाशी आलं की ते आपोआप भराभर चालायचे.

धरणाच्या कडेकडेनं गोऱ्हे, मग डोणजे, गोळेवाडी, आणि शेवटी आतकरवाडी. गोळेवाडीपासनं गाडीचा घाट वळणं घेत वर जातो. आतकरवाडीतनं पायवाट नाकासमोर पुणे दरवाज्याकडं चढते. शनिवार-रविवारी पुणेकर जिला 'सिंहगड करणं' म्हणतात ती हीच. पण मी ज्या वाटेचं म्हणतोय ती तिसरी. वाडीच्या वर, चढाला लागायच्या आधी, ओढ्याच्या कडेनं दऱ्यात शिरणारी. पक्षी बघणारे लोक तिला आता सिंहगड व्हॅली म्हणतात. आम्ही नुसतं 'दरा' म्हणायचो.

दऱ्यात शिरलं की दहा पावलांत ऊन सरतं. दोन्ही अंगांना डोंगराच्या सोंडा उतरलेल्या, मधनं ओढा. आंबा, जांभूळ, उंबर, बेहडा, करंज यांची सावली एकमेकांत मिसळलेली. वरच्या उतारांवर सावर, पांगारा, मोई. फेब्रुवारीत पानं झडून पांगारा लालभडक फुलला की कोतवाल, साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी यांचा नुसता बाजार भरतो. करवंदीच्या जाळ्या तर विचारू नका. पावसाळ्यात ओढा मोठ्यानं बोलतो, त्याच्या वरताण शीळ घालणारा एकच पक्षी, शीळकरी कस्तूर. काळा-निळा, माणसासारखी शीळ. अजून सूर लागला नाही अशा पोरासारखी. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कुणीतरी गुराखी मला बोलावतोय असं वाटून ओ दिली होती.

खरी मजा मार्च ते मे. वरचं रान करपतं, ओढा तुटतो आणि खडकांच्या बेचक्यांत दोन-चार डबकी राहतात. सगळ्या डोंगराची तहान त्या डबक्यांवर. सकाळी सात ते दहा नि दुपारी चारनंतर गप बसून राहायचं, हललं नाही की झालं. होले येतात, हरियाल येतात. हरियाल म्हणजे हिरवं कबूतर, आपल्या राज्याचा पक्षी. तांबट एकेकटा येतो. सावलीच्या फांदीवरनं निळी माशीमार खाली झेपावते. आणि मग तो येतो, पांढरा शुभ्र, डोकं काळं, शेपटीला हातभर लांब दोन फिती. स्वर्गीय नर्तक असं त्याचं पुस्तकातलं नाव. पाण्यात अंग बुडवून वर उठतो तेव्हा फिती हवेत पाण्याची रेघ ओढतात. कोवळा नर तांबूस असतो, पांढरा व्हायला त्याला काही वर्षं लागतात. वडिलांना यातलं एकाचंही पुस्तकी नाव ठाऊक नव्हतं. पण वळीव जवळ आला की नवरंगाची दोन सुरांची शीळ दऱ्यात घुमते, ती ऐकून ते म्हणायचे, "चला, पेरणीचं बघा आता." नवरंग दक्षिणेतनं पावसाच्या तोंडावर इकडं अंडी घालायला येतो, हे मला फार पुढं कळलं. वडिलांचं निदान त्याच्याशी जुळतच होतं.

पाऊस लागला की वरच्या गवताळ पठारांवर युवराज दिसतो. काळाकुळकुळीत, पंख विटकरी, डोक्यावर तुरा. कातळाच्या टोकावर बसून गातो. आमच्या सखल रानात तो क्वचितच दिसतो. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, त्या साली सगळा उतार जांभळा होतो आणि मधमाश्यांचा आवाज वाडीपर्यंत ऐकू येतो. फुलून झाली की कारवी मरते. तिच्या वाळलेल्या काठ्या आत्याच्या घराच्या कुडाला होत्या, वरनं शेणामातीचा गिलावा. चांगला कूड सहज दहा-बारा वर्षं निघायचा.

जनावरांचं बघायचं तर भेकर, रानडुक्कर, ससा, साळिंदर, उदमांजर, वानरं आणि बिबट्या. बिबट्या दिसतो फार कमी, कळतो जास्त. वानरांचा टेहळ्या झाडाच्या शेंड्यावरनं खेकारायला लागला आणि त्याच वेळी समोरच्या उतारावरनं भेकर कुत्र्यासारखं भुंकलं, की समजायचं. नुसतं वानर खेकारलं तर कदाचित कुत्रं असेल. दोघं मिळून सांगत असतील तर बिबट्याच. आत्या अशा वेळी हातातलं काम न थांबवता नुसती म्हणायची, "शेळ्या मोज." तिच्या चाळीस वर्षांत बिबट्यानं बारा शेळ्या नि दोन कुत्री नेली, माणसाला ओरखडा नाही. हा हिशेब तिनं मला तोंडपाठ सांगितला होता, कुठली शेळी कुठल्या साली यासकट.

घोरपडही आहे. आता घोरपड म्हटली की तानाजी आलाच. ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमीची रात्र. तानाजी मालुसरे मावळ्यांनिशी कडा चढून वर गेले, उदेभानाशी झुंजून पडले, सूर्याजीनं गड घेतला. ते चढले तो डोणागिरीचा कडा आमच्या दऱ्याच्या बाजूला नाही, पश्चिमेला आहे. यशवंती घोरपडीची गोष्ट तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातनं घराघरात गेली. सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची, म्हणजे प्रसंगानंतर सत्तावीस वर्षांची. तिच्यात घोरपड नाही. कडे चढणारे निवडक मावळे वानरासारखे वर गेले, असं तिथं आहे. मी घोरपड कपारीत फुगून घट्ट बसलेली पाहिलीय, ओढून निघत नाही हे खरं. पण माणूस दोरावर लोंबकळेल आणि ती तशीच बसून राहील, हे मला पटत नाही. घेऱ्यातली पोरं करवंदं काढायला ज्या कड्यांवर नुसत्या बोटांनी जातात ते ज्यानं पाहिलंय, त्याला घोरपडीची गरजही वाटणार नाही. त्या रात्री वाट दाखवणारं कुणीतरी असणारच, आणि अंधारातली कड्याची वाट माहीत असणारा माणूस घेऱ्याशिवाय दुसरीकडं कुठं मिळणार? हा आपला माझा तर्क. लेखी आधार नाही.

घेऱ्याची ताकद त्याच्याही आधीची. १३२८ साली दिल्लीच्या महंमद तुघलकानं कोंढाण्याला वेढा घातला. गडावर नाग नायक नावाचा कोळी सरदार होता. त्यानं आठ महिने दाद दिली नाही. इसामी या कवीनं आपल्या फार्सी काव्यात हे लिहून ठेवलंय. गड पुढं आदिलशाहीत गेला, शिवाजी महाराजांनी घेतला, शहाजीराजांच्या सुटकेसाठी परत दिला, पुन्हा घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिला, १६७० ला परत आला. महाराजांच्या पाठीमागं पुन्हा गेला, तो १६९३ ला नावजी बलकवड्यांनी काढला. १७०० साली राजाराम महाराजांचं निधन इथंच झालं, त्यांची समाधी वर आहे. औरंगजेबानं १७०३ ला घेऊन त्याचं नाव बक्षिंदाबक्ष ठेवलं. ते नाव एकाही वाडीत कुणाच्या तोंडी बसलं नाही. शेवटी २ मार्च १८१८ ला जनरल प्रिट्झलरच्या तोफांपुढं गड इंग्रजांना मिळाला.

मग चौकीचं काम उरलं नाही. साहेब लोक उन्हाळ्यात हवा खायला वर येऊ लागले, बंगले झाले. पुढं लोकमान्यांचाही बंगला झाला. गांधीजी आणि टिळक १९१५ साली तिथं भेटले असं सांगतात. १८७८ च्या कायद्यानं जंगलांची राखीव, संरक्षित अशी विभागणी झाली नि घेऱ्यातलं रान जंगलखात्याच्या हद्दीत जाऊ लागलं. ज्यांच्या आज्यानं त्या रानाची राखण केली, त्यांना गार्डानं मोळीसाठी दंड करायला सुरुवात केली. हे आत्याच्या सासऱ्यांनी मला फार कडवटपणे सांगितलंय. त्यांचा राग मला कळतो. तरी एक गोष्ट कबूल करावी लागते. पेशवाईनंतर दीडदोनशे वर्षांत आजूबाजूचे डोंगर बोडके झाले, कोळशाच्या भट्ट्यांनी खाल्ले. हा दरा राहिला तो आधी गडाच्या हुकुमानं आणि मग खात्याच्या दंडानं. यातलं कुठलंही एक मधे तुटलं असतं तर आज तिथं नवरंग यायला झाड नसतं.

आता दोन्ही ढिले पडलेत. डोणज्यापासनं वरती शेतांचे गुंठे झाले, कुंपणं झाली, हॉटेलं झाली. सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागते. गडावर रोपवे करायची चर्चा कित्येक वर्षं ऐकतोय. रोपवेला माझा सरसकट विरोध नाही. आमच्यासारख्या गुडघे गेलेल्यांनाही गड बघावासा वाटतो. पण आत्याच्या सुना मडक्यातलं दही, ताक, लिंबूसरबत पायवाटेच्या वळणावर बसून विकतात. त्यांचं गिऱ्हाईक चालून दमलेलं असतं म्हणूनच दही घेतं, हे कुणी हिशेबात धरलेलं मला दिसलं नाही.

दऱ्यात तर वेगळाच प्रकार. दुर्बीण घेऊन गुमान बसणारे जुने लोक मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझ्या निम्म्या पक्ष्यांची नावं त्यांच्याकडनंच आली. पण आता हातभर लेन्स घेऊन येतात ते घाईत असतात. मोबाईलवर नराचा आवाज वाजवतात, खरा नर चिडून समोर येतो, फोटो झाला की पुढच्याकडं. ऐन विणीच्या दिवसांत दिवसातनं दहा वेळा त्या नराला खोट्या नराशी भांडायला लावलं तर तो पिलांना चारा कधी आणणार? डबक्यापाशी कुणीकुणी किडे टाकून ठेवतात. आमच्या बैलपोळ्यालाही बैलाला इतकं नटवत नाहीत.

हा दरा एकटा नाही, हे शहराला कळायला हवं. सिंहगडापासनं पूर्वेला कात्रज, दिवेघाट करत भुलेश्वरापर्यंत ही डोंगररांग सलग जाते. जनावरं तिच्यावरनं ये-जा करतात. सोंडा खाली शहराकडं उतरतात, आणि त्यांच्या पायथ्याला आम्ही. पूर्वी जनावर सोंड उतरून चुकलंच तर आमच्या उसात शिरायचं, दोन दिवस राहायचं नि परत जायचं. आता ऊस नाही, पार्किंग आहे. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडच्या एका सोसायटीत रानगवा आला. बघ्यांची गर्दी, धावाधाव, पकडापकडी, आणि त्यातच तो मेला. तो नेमका कुठल्या रानातनं उतरला ते सांगता येत नाही. पण टीव्हीवर त्याच्या तोंडातला फेस बघून आमच्या घरात त्या रात्री कुणी धड जेवलं नाही. शेतकऱ्याला दमलेलं जनावर ओळखू येतं.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. आतेभाऊ आहे, त्याचं माझं वय एक. हिवाळा सरता सरता गवत वाळतं आणि मग वणव्याची भीती. कुणी सिगारेटचं थोटूक टाकतं, कुणी मुद्दाम लावतं, नवं गवत चांगलं येतं या समजुतीनं. एकदा लागला की खालच्या घरट्यांसकट, साळिंदराच्या बिळासकट सगळं जातं, आणि पहिल्या पावसात उघडी माती धरणात. म्हणून वनखात्याबरोबर गावकरी जाळरेषा काढतात. सोंडेवर तीन-चार हात रुंद पट्टा गवत कापून, झाडून, जाळून मोकळा करायचा, म्हणजे आग तिथं येऊन थांबते. जाळायचंही वारा बघून, पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. तरवडाच्या ओल्या फांद्या हातात धरून दोन्ही कडांना माणसं उभी. पट्टा कुठनं काढायचा, कुठल्या घळीत वारा फिरतो, कुठं कातळ आडवा आहे म्हणून कापायची गरज नाही, हे नकाशावर नसतं. ते आतेभावाला माहीत आहे, त्याच्या बापाकडनं. त्याच्या पोराला घाटातल्या हॉटेलात नोकरी आहे नि पगार बरा आहे. मी त्याला दोष देणार नाही. माझी पोरंही शेतात नाहीत, कारण शेत नाही.

यंदा जानेवारीत मी गेलो होतो. जाळरेषेला वाडीतनं सात माणसं आली होती. चौघं साठीच्या पुढची. वानर एकदा खेकारलं, सगळ्यांनी कान टवकारले, पण भेकर काही बोललं नाही.